मौनाची खानेसुमारी

पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदी यांच्यामध्ये वाळूची जी अरुंद पट्टी तारकर्लीपासून दक्षिणेकडे सरकत जाऊन संगमापाशी संपते, तिच्यावर आमचे देवबाग वसले आहे. आणि ज्या गावात एका दारी लाटांचा अखंड गजर व दुसऱ्या दारी नदीची निःशब्द भरती-ओहोटी एकाच वेळी चालू असते, त्या गावच्या माणसाला ध्वनी आणि मौन यांविषयी बोलण्याचा अधिकार जन्मतःच मिळतो, असे मी पूर्वी विनोदाने म्हणत असे. अलीकडे या किनाऱ्यावर पर्यटकांना समुद्रतळ दाखवण्याचा व्यवसाय फोफावला आणि त्या विनोदाला अनपेक्षित गांभीर्य आले. होडीत बसल्यावर, तोंडात नळी धरण्यापूर्वी, गावातलाच एखादा तरुण पाहुण्यांना पाच मिनिटांत मोजक्या खुणा शिकवतो: अंगठा आणि तर्जनी यांचे कडे केले म्हणजे सर्व ठीक, अंगठा वर केला म्हणजे आता वर चला, पंजा आडवा धरून डळमळवला म्हणजे काही बिघडले आहे. न्यायालये गाजवणारे वकील आणि सभा जिंकणारे पुढारीसुद्धा पाण्याखाली गेल्याबरोबर मुके होतात, आणि तरीही त्यांपैकी एकालाही आपण अपंग झालो असे वाटत नाही. कारण तेथे ती भाषा सर्वांना येते आणि तिची गरजही सर्वांनाच असते.

मग जमिनीवर आल्यावर त्याच खुणांनी बोलणाऱ्या माणसाला आपण 'मुको' म्हणून बाजूला का बसवतो, हा प्रश्न मला पहिल्याने तेथेच पडला. पुढे त्याचा पाठपुरावा करताना असे दिसून आले की, शरीराने वेगळे असलेले आणि प्रेमाने किंवा लिंगभावाने वेगळे असलेले, ज्यांना आपण अपंग आणि क्वीअर अशा दोन निरनिराळ्या रकान्यांत घालतो, त्या दोघांच्याही आयुष्यात मौन नावाची एकच वस्तू निरनिराळ्या वेषांत वावरत असते. आणि ते मौन कोणाचे, ते कोणी लादले व त्याची किंमत कोणी भरली, याचा तपशील लावल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही.

मराठी भाषेने या बाबतीत आधीच एक पंक्तिप्रपंच करून ठेवला आहे. मौन हा शब्द मुनीच्या घरचा, म्हणून त्याला पाट आणि रांगोळी. सह्याद्रीच्या माथ्यावर पाटगावला मौनी महाराज होऊन गेले, त्यांच्या दर्शनास खुद्द शिवछत्रपती गेले, आणि त्यांच्याच नावाने गारगोटीस विद्यापीठ उभे राहिले. ज्याने न बोलण्याचे ठरवले त्याचा हा सन्मान. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वाट्याला मात्र 'मुका' हा शब्द, आणि त्या शब्दाच्या मागोमाग येणारी कीव. आपल्या भक्तिवाङ्मयातही ईश्वरी कृपेची परमावधी सांगायची झाली की मुका बोलू लागतो आणि पांगळा पर्वत ओलांडतो. मुक्याची खूण समजून घेण्याची बुद्धी इतरांना व्हावी, असे मागणे कोणी मागितल्याचे माझ्या वाचनात नाही. आणि तिसरे मौन, ज्या मुलाला मुलगाच आवडतो किंवा ज्या मुलीला आपण मुलगी आहोत हेच पटत नाही त्यांचे मौन, त्याला तर आपण शब्दही दिला नाही. त्याच्यासाठी पोरखेळातली अळीमिळी गुपचिळी पुरेशी मानली.

बहिऱ्यांच्या मौनाचा इतिहास लिखित आहे, म्हणून त्याचा विचार आधी करू. १८८०च्या सप्टेंबरात इटलीतील मिलान शहरी बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने असा ठराव केला की, बहिऱ्या मुलांना खुणांनी शिकवू नये, ओठांच्या हालचाली वाचायला आणि मुखाने बोलायला लावावे. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या शाळांतून मुलांना हातांनी बोलण्यास मज्जाव झाला, आणि बोलके करण्याच्या त्या उद्योगातच त्यांची खरी भाषा तोडून टाकण्यात आली. मुंबईत बधिरांची शाळा १८८५ साली निघाली ती याच वाऱ्यात. मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले. आणि आपल्या देशात भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले ते २०१५ साली. त्या केंद्राच्या कोशात २०२१पर्यंत दहा हजार शब्द जमले. दहा हजार शब्दांच्या धन्याला मुका म्हणणे हे ज्याला पटेल त्याने म्हणावे.

याच्या उलट दाखला अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यावरील मार्थाज व्हिनयार्ड या बेटाचा आहे, आणि आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना तो विशेष जवळचा वाटावा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तेथे आनुवंशिक बहिरेपण इतके होते की सरासरी एकशेपंचावन्न माणसांत एक बहिरा असे. परिणाम असा झाला की सगळे बेट दोन्ही भाषा बोलू लागले, ऐकू येणारेसुद्धा एका होडीतून दुसऱ्या होडीला खुणांनी मासळीची खबर देत. नोरा ग्रोस या संशोधिकेने त्यावर १९८५ साली ग्रंथ लिहिला. तिने म्हाताऱ्यांना जुन्या माणसांची माहिती विचारली तेव्हा अमुक एक उत्तम मासेमार होता हे त्यांना चटकन आठवे, तो बहिरा होता हे मात्र मुद्दाम विचारावे लागे. आमच्याकडेही रापणीचे मोठे जाळे ओढताना, दोन टोकांना दोन रांगा लागलेल्या आणि मध्ये लाटांचा कल्लोळ, अशा वेळी हाकेपेक्षा हात अधिक लांब पोचतो, हे प्रत्येक गाबित मच्छीमाराला ठाऊक आहे. ती विद्या रापणीपुरती ठेवून घरच्या बहिऱ्या मुलाशी मात्र नुसते ओरडून बोलायचे, हा आमचा विक्षिप्त शिरस्ता.

कोकणच्या मनाची घडण समजायची तर देवळात जावे लागते. येथे गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे: गावकर किंवा गुरव देवापुढे उभा राहून, बारा-पाचाच्या देवाला साद घालून, रयतेची एकेक अडचण मोठ्याने सांगतो, कोणाच्या झिलाला नोकरी नाही, कोणाच्या चेडवाचे लग्न अडले, कोणाची होडी रिकामी परत येते, आणि प्रत्येक वाक्याअखेर जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. व्यथा चारचौघांत उच्चारली म्हणजे ती एकट्याची राहत नाही, असा या विधीचा गाभा मला वाटतो. आणि देव उत्तर देतो ते कसे? मूर्तीला चिकटवलेली कळी उजवीकडून पडली की होकार, डावीकडून पडली की नकार. म्हणजे मोठ्याने बोललेल्या प्रश्नाला निःशब्द उत्तर, आणि ते वाचण्याचे कौशल्य गावाजवळ शतकानुशतके आहे. ज्या गावाला दगडाचे मौन वाचता येते त्याला स्वतःच्या मुलाचे मौन वाचता येत नाही, असे मी मानीत नाही. त्याला ते वाचता येते, आणि म्हणूनच ते वाचत नाही.

उदाहरण नेहमीचेच आहे. तिशी उलटलेला मुलगा मुंबईत असतो, गणपतीला येतो, आरत्या तोंडपाठ म्हणतो, आणि शेजारीण त्याच्या आईला विचारते, "झिलाचा लगीन कधी करतल्यात?" आई म्हणते, "बघूया." या एका शब्दात दहा-दहा वर्षे निघून जातात. सर्वांना कळलेले असते, कोणी काही म्हणत नाही, आणि आमचे काही विद्वान त्यालाच आपल्या संस्कृतीची सहिष्णुता म्हणून गौरवतात. मला हा गौरव मान्य नाही. ज्या मौनाची अट अशी की त्या मुलाने आपल्या सहचराला 'खोलीवरचा मित्र' म्हणूनच आणावे, आजारपणात त्याच्या उशाशी बसण्याचा हक्क त्या मित्राला नसावा, आणि आईबापांच्या पश्चात सातबाऱ्यावर त्याचे नाव कुठेच येऊ नये, ते मौन म्हणजे फार तर भाडेपट्टा, मालकी गावाची. दशावतारात पुरुष लुगडे नेसून राणी होतो, त्याच्या डोळ्यांतल्या पाण्याने बायकाही रडतात, आणि पहाटे दहीकाला झाला की ती राणी पेटाऱ्यात जाते. स्त्री-पार्ट करणारा नट क्वीअर असतो असा याचा अर्थ कोणी काढू नये, तो कलेचा अपमान होईल. सांगायचे ते एवढेच की, रात्रभर जे पाहायला गाव राजी असते त्याचा उच्चार दिवसा करायला ते राजी नसते.

हा उच्चार महाराष्ट्रात पहिल्याने कोणी केला, याचा शोध घेऊ गेल्यास आपण कोकणच्याच एका घराण्याशी येऊन पोचतो. मुरूडच्या कर्व्यांपैकी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ सालापासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक एकहाती चालवले. त्यात वाचकांचे प्रश्न छापले जात. मला त्या मासिकातील अग्रलेखांपेक्षा हे प्रश्नच अधिक मोलाचे वाटतात, कारण बायकोला, बापाला, वैद्याला जे सांगता येत नाही ते कुठल्या तरी गावचा माणूस पोस्टाच्या पाकिटात घालून एका अनोळखी संपादकाकडे पाठवत होता. १९३४ साली अशाच काही प्रश्नोत्तरांवरून, ज्यांत समलिंगी आकर्षणाचाही विषय होता, कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांची बाजू मांडण्यास उभे राहिले ते बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. लोक लैंगिक जीवनाविषयी प्रश्न विचारतात आणि कोणी त्यांचे ज्ञानपूर्वक उत्तर देतो, तर त्यात अश्लील काय, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. ज्या माणसाला स्वतः अस्पृश्य म्हणून सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी घेण्याचीही मुभा नव्हती, त्याने दुसऱ्या एका निनावी, निःशब्द वर्गासाठी वकीलपत्र घ्यावे, या घटनेची आठवण आपल्याकडे फार थोडी ठेवली गेली.

कायद्याचा पुढचा प्रवास सर्वश्रुत आहे, तो थोडक्यात आटोपतो. १८६० साली मंजूर होऊन १८६२पासून अमलात आलेल्या दंडसंहितेचे ३७७वे कलम दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ते पुन्हा जिवंत केले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा निष्प्रभ केले. मध्ये २०१४ साली तृतीयपंथीयांना आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य झाला. विवाहाची मागणी मात्र २०२३ साली फेटाळली गेली.

साहित्याने काय केले? १९८१ साली तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणली, पण स्त्रीवर प्रेम करणाऱ्या सुमित्राची ती कथा आपल्याला बापू नावाचा तिचा मित्र सांगतो. चेतन दातारांच्या 'एक माधवबाग' मध्ये मुलाचे गुपित आई सांगते, तेही त्याची डायरी वाचून. सचिन कुंडलकरांच्या २००६च्या 'कोबाल्ट ब्लू' मध्ये अखेर तो तरुण स्वतः बोलतो, परंतु निघून गेलेल्या, उत्तर न देणाऱ्या माणसाला उद्देशून. २०१२ साली आलेल्या लक्ष्मी त्रिपाठी यांच्या आत्मकथनाच्या शीर्षकात 'मी' हा शब्द दोनदा येतो, आणि तो हट्ट मला समजतो. मित्राकडून आईकडे, आईकडून स्वतःकडे, असा हा मजकूर तीस वर्षे हातोहात फिरला. अपंगांच्या लेखनातही हाच क्रम आढळतो: आमच्याच आरवलीच्या जयवंत दळवींनी 'नातीगोती' मध्ये मतिमंद मुलाच्या आईबापांचे एकाकीपण विलक्षण ताकदीने उभे केले, पण ते आईबापांचे; चाकांच्या खुर्चीवरून स्वतः बोलणारा आवाज मराठीत ठळकपणे ऐकू आला तो नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची' पासून. आज कुडाळ तालुक्यात मोरे गावी त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेची 'स्वप्ननगरी' आहे, आणि तेथील काजूबिया अपंग कामगारांच्या हातून फोडल्या जातात.

आता मी त्या मौनाकडे येतो ज्याच्याविषयी लिहिताना लेखणी अडखळते, कारण ते चांगल्या माणसांनी, चांगल्या हेतूने पाळलेले आहे. १९७३च्या नोव्हेंबरात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानभाग या तरुण परिचारिकेवर तेथल्याच एका कामगाराने हल्ला केला. गळा आवळल्याने तिच्या मेंदूला कायमची इजा झाली आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत ती जवळजवळ बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात, सहकारी परिचारिकांच्या अजोड शुश्रूषेत, वाचाहीन पडून होती. तिच्यावर झालेला लैंगिक अत्याचार हा ३७७व्या कलमात मोडणारा होता, परंतु तिचे लग्न ठरले होते, तिची बदनामी होईल, या विचाराने तो फिर्यादीत आलाच नाही, हे पिंकी विराणी यांच्या १९९८च्या पुस्तकाने उघड केले. गुन्हेगाराला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांसाठी, सात वर्षांची. म्हणजे जे कलम संमतीने एकत्र आलेल्यांच्या डोक्यावर दीडशे वर्षे टांगते राहिले, ते जेथे लावायला हवे होते तेथे अब्रूच्या काळजीने दप्तरात बंद राहिले. अब्रू तिची म्हणून सांगितली गेली. तिला विचारण्याची सोय उरली नव्हती.

जिला विचारण्याची सोय होती तिला तरी विचारले गेले का? १९९४च्या फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये, मासिक पाळीतील स्वच्छता त्यांना जमत नाही या कारणास्तव, शस्त्रक्रियेने काढण्यात येऊ लागली, आणि स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यावर तो प्रकार तहकूब झाला. त्या मुली काही म्हणाल्या नाहीत, हेच संमतीच्या जागी धरले गेले. २००९ साली चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, सौम्य मतिमंदत्व असलेल्या स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिचा गर्भ पाडता येत नाही. तिची जबानी ही जबानीच आहे. कायद्याला हे उमगायला लागलेला वेळ पाहता, २००४च्या 'श्वास' चित्रपटातल्या त्या डॉक्टराचे मला कौतुक वाटते, जो कोकणातून आलेल्या आजोबांना बजावतो की शस्त्रक्रियेने डोळे जाणार आहेत हे मुलाला आधी सांगितलेच पाहिजे. लहान, आजारी, गरीब, आणि तरीही त्याला सांगितले पाहिजे. त्या चित्रपटाचा सगळा ताण या एका वाक्यावर उभा आहे.

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मी सर्वांनी बोललेच पाहिजे या पक्षाचा आहे. एड्सच्या साथीत अमेरिकेतील कार्यकर्त्यांनी मौन म्हणजे मृत्यू अशी घोषणा १९८७च्या सुमारास दिली; तिच्या प्रसंगी ती अक्षरशः खरी होती. पण सक्तीचे बोलणे हाही जाच आहे, आणि तो अपंगांइतका कोणाला ठाऊक नाही. मालवणच्या एसटीत कुबडी घेऊन कोणी चढला की तिकीट फाटण्याआधी शेजारचा विचारतो, "जल्मापासून काय रे?" क्वीअर माणसाला लपवावे लागते आणि अपंगाला दाखवावे लागते, एकाला विचारीत नाहीत, दुसऱ्याला विचारणे थांबवत नाहीत. ओरोसला जिल्हा रुग्णालयातून चाळीस टक्क्यांचा दाखला मिळाल्याशिवाय अपंगत्व सिद्ध होत नाही. आणि २०१९च्या कायद्याने तृतीयपंथीयांनाही, २०१४ साली मान्य झालेल्या स्वनिर्णयाच्या हक्कावर कडी करून, जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यासाठी अर्ज करायला लावले. अशा रीतीने ज्या दोन वर्गांना समाजाने कधी एकत्र पाहिले नाही, ते जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच आवारात, हातात कागद घेऊन, स्वतःविषयी अनोळखी माणसाची खात्री पटवत उभे राहिले.

आणि जो एकाच वेळी दोन्ही आहे, त्याचे काय? अपंगाला वासना असते हेच ज्यांना मान्य नाही, त्यांना त्या वासनेची दिशा वेगळी असू शकते हे सांगणार कोण? 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' या चित्रपटाने २०१४ साली सेरेब्रल पाल्सी असलेल्या लैलाला एका अंध मुलीच्या प्रेमात पडलेले दाखवले, तेव्हा अनेक सुशिक्षित प्रेक्षकांची खुर्चीत चुळबुळ झाली ती दुहेरी होती. लैलाच्या मागे जिची प्रेरणा आहे त्या मुंबईच्या मालिनी छिब यांनी आपले आत्मचरित्र एका बोटाने टंकलिखित केले आहे. ज्यांना त्यांचे बोलणे समजायला वेळ लागतो ते घाईघाईने त्यांच्या सोबत्यालाच प्रश्न विचारतात, या अनुभवाला त्यांच्यासारखे सगळेजण दुजोरा देतील. मौन तेथे वक्त्याचे नसते. श्रोत्याला धीर नसतो.

म्हणून २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो निकाल मला २०१८च्या निकालापेक्षाही थोडा वरचा वाटतो. त्याने न बोलण्याची सनद दिली. ज्याला बोलण्याची मुभा आहे त्याचेच गप्प राहणे हे मौन; बाकी सगळी मुस्कटदाबी, मग ती मायेच्या हाताने केलेली का असेना.

२०११च्या शिरगणतीत महाराष्ट्रात २९,६३,३९२ अपंग आणि 'इतर' या लिंगाच्या रकान्यात ४०,८९१ माणसे नोंदली गेली. नोंद झाली ती बहुधा कुटुंबप्रमुखाच्या सांगण्यावरून, दारातल्या दारात. आणि कोण कोणावर प्रेम करतो याचा तर रकानाच नव्हता. या आकड्यांपलीकडे किती घरांत 'बघूया' म्हटले गेले, ते कोणत्याच दप्तरात सापडायचे नाही.

देवबागेत आणि किनाऱ्यावरच्या इतर गावांत जे गाऱ्हाणे घालतात त्यांना माझी एक विनंती आहे. नोकरी, लग्न, होडी, आजार यांच्या यादीत पुढच्या वेळी आणखी एक ओळ घालावी: ज्यांका बोलाक येणा नाय, ज्यांका बोलाक देवक नाय, आणि ज्यांका बोलूचाच नाय, त्या सगळ्या लेकरांका गावात बसाक जागा होऊ दे. नावे घ्यायची गरज नाही, देवाला आणि गावाला ती ठाऊक आहेत. जमलेल्या लोकांनी नेहमीसारखे 'व्हय म्हाराजा' म्हणावे.